परतीची वायर

मराठी विभागाच्या संपादिकेनं (ती माझी रूममेट आहे, वशिला आधीच कबूल करते) मला मेसमध्ये गाठलं तेव्हा मी कांदेपोह्यात कांदा शोधत होते. म्हणाली, "तुझ्या त्या होडीवर लिही. आणि इंग्लिश सेक्शनला देऊ नकोस, मला दे." मी म्हटलं, बाई गं, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढलीत, वर्गात मराठी बोललं की दहा रुपये दंड! तर म्हणे, "मग आता वसूल कर." म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादिकेच्या नावावर, बाकीच्या माझ्या. आणि बाकीच्या पुष्कळ आहेत.

आमचं आजोळ कर्ली नदीच्या काठी. नकाशात बघाल तर मालवणच्या खाली देवबागची एक चिंचोळी पट्टी दिसेल, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली. पट्टी संपते तिथं संगम. तिथून थोडं आत, खाडीच्या काठावर आजोबांचं घर आणि घरामागे त्यांची होडी. चौदा फूट, लाकडी, दोन्ही टोकं निमुळती. आजोबा धंद्याचे मच्छीमार नाहीत. सगळी नोकरी त्यांनी एसटीत काढली, पण निवृत्त झाल्यापासून पहाटे उठून गरवायला जायचं हा त्यांचा नेम. गरवणे म्हणजे गळ टाकून मासे धरणे. आमच्या वर्गातल्या पुण्याच्या मंडळींसाठी हा खुलासा.

मागच्या पावसाळ्यात आजोबा पाणंदीत घसरून पडले आणि उजव्या खांद्याचा स्नायू फाटला. ऑपरेशन नको म्हणाले. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण वल्हं मारणं बंद. तेव्हापासून होडी माडाखाली पालथी, वर झापं टाकलेली. डिसेंबरात सेमिस्टर संपवून मी गेले तेव्हा मामा फोनवर कुणाशी तरी तिच्या किमतीचं बोलत होता. आजोबा पडवीत बसून गळाची दोरी उलगडत होते, परत गुंडाळत होते. काहीही बोलले नाहीत. मला मात्र रात्रभर झोप आली नाही. आणि आपण तर इलेक्ट्रिकलच्या थर्ड इयरला! मी ठरवलं, होडीला मोटर बसवायची.

पेट्रोलचं आउटबोर्ड बसवायचा सल्ला गावात चार जणांनी आधीच दिला होता. त्यात दोन भानगडी. एक म्हणजे आवाज. आजोबांच्या मते मासे आणि शेजारी दोघेही पळतात. दुसरी जास्त महत्त्वाची. छोटं आउटबोर्ड सुरू करायला दोरी जोरात खेचावी लागते, आणि ती खेचते कोण? उजवा खांदाच. म्हणजे औषध तेच, ज्याची बाधा झाली आहे!

म्हणून इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर. (इन्स्टाग्रामवरचं ट्रोलिंग नव्हे. होडी अगदी हळू चालवत मागून गळ ओढत नेण्याला ट्रोलिंग म्हणतात.) एक दांडा, वर हँडल, खाली पाण्यात बुडणारी डीसी मोटर आणि पंखा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, खटका दाबला की सुरू, आवाज जवळजवळ नाहीच. ही कल्पना १९३४ सालची. अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटामधल्या फार्गो गावच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल ए गाडीचा स्टार्टर काढला, त्याला लवचिक शाफ्ट आणि पंखा जोडला आणि झाली मोटर तयार. त्यांचा कारखाना मिनेसोटाच्या हद्दीजवळ, म्हणून दोन्ही राज्यांची नावं जोडून कंपनीचं नाव 'मिन कोटा'. पण विजेवर होडी चालवण्याचा खटाटोप त्याच्याही शंभर वर्षं आधीचा. याकोबी नावाच्या गृहस्थांनी १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत बॅटरीवर होडी चालवली होती. हे याकोबी म्हणजे आपल्याला सेकंड इयरला छळणाऱ्या मॅक्झिमम पॉवर ट्रान्सफर थिअरमवाले तेच! त्या थिअरममध्ये माझे चार मार्क गेले होते. गृहस्थ होडीत पण भेटतील असं वाटलं नव्हतं.

गोव्यात मामाच्या एका मित्राकडे जुनी मोटर पडून होती. ५५ पाउंड थ्रस्टची, खाऱ्या पाण्यात चालणारी, दांड्याला जस्ताचा अॅनोड असलेली. (समुद्राच्या पाण्यात गंजण्याचं काम हे जस्त स्वतःवर घेतं आणि बाकीचा धातू वाचतो. केमिस्ट्रीच्या पुस्तकात होतं, तेव्हा कुणी सांगितलं नाही की हे कामाचं आहे.) इंटर्नशिपच्या स्टायपेंडमध्ये मामाचे थोडे घालून ती घेतली. पूर्ण वेगावर ५० अँपिअर खाते, म्हणजे १२ गुणिले ५०, ६०० वॅट. एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याच्यावर बंदी आहे आणि जो कुणाकडेच नाही, तो इमर्शन रॉड याच्या दुपटीहून जास्त खातो.

गणित मी व्यवस्थित केलं. नियम असा, की भरलेल्या होडीच्या दर शंभर पाउंड वजनाला दोन पाउंड थ्रस्ट पाहिजे. होडी अंदाजे १५० किलो, आजोबा ६०, मी ५२, बॅटरी ३०, मोटर आणि किडुकमिडुक धरून ३१० किलो. म्हणजे ६८० पाउंड. लागणार साधारण १४, आणि आपल्याकडे ५५. जवळजवळ चौपट! मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. हा नियम तळ्यातल्या स्थिर पाण्याचा आहे, हे खाली बारीक अक्षरात होतं.

बॅटरीसाठी आधी घरच्या इन्व्हर्टरवर डोळा होता. पण ती पाणी घालायची, हलत्या होडीत आडवी झाली की ॲसिड बाहेर. शिवाय उचलायला तीन माणसं लागतात. गाडीची बॅटरी चालत नाही, कारण ती चार सेकंद भरपूर करंट देऊन मोकळी होण्यासाठी बनवलेली असते. रोज अर्धी रिकामी केली तर लवकर राम म्हणते. शेवटी कुडाळला एका यूपीएसवाल्याकडून सीलबंद १०० अँपिअर-अवरची आणली. तिच्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे कागदावर पूर्ण वेगात एक तास. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण करंट जितका जास्त ओढाल तितकी लेड-ॲसिड बॅटरी कंजूष होते. पण हळू चालवली तर पंधरा अँपिअरमध्ये तीन तास आरामात, आणि गरवायला हळूच लागतं.

खरी अडचण वेगळीच निघाली. मोटरचा क्लॅम्प होडीच्या मागच्या सपाट फळीला आवळायचा असतो. आमच्या होडीला मागे फळीच नाही, टोक आहे! मग सुताराकडून दोन इंच जाडीची आईनाची फळी घेतली, मागच्या बाजूला होडीच्या दोन्ही काठांवर आडवी टाकली, स्टेनलेसच्या बोल्टनं पक्की केली, आणि उजवीकडे फूटभर बाहेर काढून त्यावर मोटर अडकवली. एका बाजूला असल्यामुळे होडी दुसरीकडे वळू बघते, पण हँडल थोडं तिरकं धरलं की सरळ जाते. पंखा पाण्याखाली किती, हे मात्र नीट बघावं लागतं. कमी बुडाला तर हवा ओढतो, नुसताच घुर्रर्र करतो आणि होडी जागेवर. पंख्याला एक छोटी पिन असते, ती मुद्दाम कमकुवत बनवलेली. दगडावर आपटलं की पिन तुटते, मोटर वाचते. अशा दोन पिना मी खिशात ठेवल्या आणि मोटर एका दोरीनं होडीला बांधली, क्लॅम्प सुटलाच तर तळाशी जाऊ नये म्हणून.

आठवडा गेला यात. आजोबा रोज येऊन बघायचे, हात मागे बांधून. एकदाच विचारलं, "ह्या तुका कॉलेजात शिकवतत?" मी म्हटलं, "हो, म्हणजे... साधारण."

वायरिंग शेवटच्या दिवशी घाईत केलं (सबमिशनसारखंच). घरात ४ चौरस मिलिमीटरची वायर उरलेली होती. बॅटरी पुढे, मोटर मागे, अंतर ३ मीटर. मीटरला ४.६ मिलीओहम, म्हणजे १४ मिलीओहम, गुणिले ५०, ०.७ व्होल्ट पडणार. चालेल! बॅटरीपाशी ६० अँपिअरचा ब्रेकर बसवला, तोही शोधून डीसीचा. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझत नाही, हे मला माहीत होतं आणि दुकानदाराला नव्हतं, याचा मला फारच अभिमान वाटला. लग वायरीवर पकडीनं दाबून बसवले.

संकष्टी होती. आजी म्हणाली, आजच कशाला. मी म्हटलं, मासे धरायला नाही, नुसती ट्रायल. आजोबांनी बोटं मोजली. आमच्याकडे तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ येते. चतुर्थी, चार पाऊणे तीन. म्हणजे तीनला भरती, नऊला पाणी तळाला. "नव वाजापर्यंत सुकती आसा," ते म्हणाले. "मगे जावया." सुकती म्हणजे ओहोटीचा ओढ. मी म्हटलं, "आजोबा, मोटर आहे ना आता!"

पावणेसातला निघालो. शेजारच्या पर्यटनाच्या बोटवाल्याकडून दोन लाइफ जॅकेट आणली होती. आजोबांनी ते नाइलाजानं, लग्नातल्या फेट्यासारखं चढवलं. मी मागे हँडल धरून, आजोबा मधल्या फळीवर. खटका दाबला आणि होडी निघाली, खरंच निघाली! आवाज फक्त पाण्याचा. धुकं, काठावरचे माड आणि मोबाइलवर ताशी ८ किलोमीटर. मी ओरडले, "आठ!" आजोबा म्हणाले, "त्यातला तुझा किती नि पाण्याचा किती?"

अकरावीला होडी आणि प्रवाहाची गणितं मी पैकीच्या पैकी सोडवली आहेत. संगमाच्या बाजूला एक किलोमीटरभर गेल्यावर होडी वळवली, तेव्हा ती सगळी एकदम आठवली. काठावर एक वाकडा माड होता. तीन नंबरवर तो पुढे सरकत होता, म्हणजे आम्ही मागे. चार नंबर, तरी मागे. पाच नंबर, शेवटचा. माड थांबला. पूर्ण वेग, मोटर घुमते आहे, पाणी दोन्ही बाजूंनी फसफसतं आहे, आणि आम्ही माडासमोर स्थिर. रिलेटिव्ह व्हेलॉसिटी शून्य.

मग वास आला. लॅबमध्ये येतो तो, सगळ्यांनी एकमेकांकडे बघायचा. मोटर मंदावली. बॅटरीच्या लगपाशी वायरचं लाल प्लास्टिक मऊ होऊन ओघळत होतं. मी पुढे झेपावून ब्रेकर पाडला. माड पुढे सरकायला लागला, आणि मागे, धुक्यापलीकडे, संगमावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला.

मी काही बोलायच्या आत 'डुबुक्' झालं. आजोबांनी डाव्या हातानं नांगर टाकला होता. दोरी ताणली, होडी एक गचका देऊन प्रवाहाकडे तोंड करून उभी राहिली. त्यांनी घड्याळ बघितलं. "दोन तास. बस आता."

त्या दोन तासांत मी चुका शोधल्या. पहिली अशी, की सांगायलाही लाज वाटते. वायर ३ मीटर धरली होती. करंट मोटरपर्यंत जातो, आणि परत येतो! जाऊन-येऊन ६ मीटर. थर्ड इयर इलेक्ट्रिकल, परतीची वायर विसरली. म्हणजे पडणारे व्होल्ट ०.७ नव्हे, १.४. सुमारे ७० वॅट नुसते वायर तापवण्यात. दुसरी, ती वायर तीसेक अँपिअरची, तिच्यावर ब्रेकर साठचा. ब्रेकर वायरीला सांभाळायला असतो, मी तो मोटर बघून घेतला. तिसरी, पकडीनं दाबलेला ढिला लग. समजा तिथं १० मिलीओहमचा अडथळा आला, तर ५० अँपिअरला २५ वॅट, एका बिंदूत. आपली लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचीच असते. आणि ढिल्या सांध्यासाठी कुठलाही ब्रेकर पडत नाही, कारण करंट जास्त झालेलाच नसतो. मी हे सगळं आजोबांना सांगत होते, फार पोटतिडकीनं. त्यांनी गळाला सुंगटं लावली होती आणि डाव्या हातानं दोरी धरून ऐकत होते.

"एक सांगू?" म्हणाले. "मामा म्हणता, कोणाच्या तरी होडयेतसून जा. मी जातंय नाय. दुसऱ्याच्या होडयेत मी म्हणजे सामान."

गळाला ओढ आली म्हणून बोलणं तिथंच राहिलं. तांबोशी होती, तळहाताएवढी. मी मागे हँडलपाशी बसले होते, ते मधल्या फळीवर, बॅटरी आणि डब्याच्या शेजारी. माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

मी उठले, म्हटलं, "तुम्ही बसा ना मागे." ते आले, बसले, हँडलकडे उजवा हात नेला. अर्ध्यावर हात थांबला. चेहऱ्यावर काही नाही. हात हळूच खाली घेऊन मांडीवर ठेवला आणि पाण्याकडे बघत राहिले.

मोटर मी उजवीकडे बसवली होती, कारण मी उजवी आहे. आठवडाभर मी फळीचं माप घेतलं, काठापासून पाण्यापर्यंतचं घेतलं, बोल्टच्या भोकांचं व्हर्नियरनं घेतलं. त्यांचा हात कुठपर्यंत जातो हे बघितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. ज्यांच्यासाठी होडी, त्यांना.

नऊनंतर पाणी थांबलं, मग भरती लागली. नांगर उचलला (दोघांनी मिळून) आणि कर्लीनंच आम्हाला हळूहळू घरापर्यंत आणून सोडलं, काही न जाळता. आजीची संकष्टी असल्यामुळे तांबोशी आणि दोन गोबरे शेजारी गेले. मामा काठावर उभा होता. हसला नाही, हे त्याचे उपकार.

पुढचे चार दिवस पटकन सांगते. १६ चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन ६ मीटर मोजून, आता ०.३५ व्होल्ट पडतात. लग कुडाळला हायड्रॉलिक मशीनवर दाबून घेतले. फळी काढून सुताराकडे नेली, नवीन भोकं पाडली, मोटर डावीकडे. या वेळी आजोबांना आधी माडाखालीच होडीत बसवलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि डावा हात सहज जिथं पडला तिथं खडूनं खूण केली. माझ्या अंदाजापेक्षा ती जागा चांगली सहा इंच पुढे निघाली. त्यांनीही एक अट घातली: "आधी ओढाच्या विरुद्ध जावचा. येताना तो घराक आणता." हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. दोन वेळा आम्ही दोघं जाऊन आलो, मी मधल्या फळीवर, सामानाच्या जागी. घरी आल्यावर मोटर गोड्या पाण्यानं धुवायची, बॅटरी चार्जिंगला लावायची, हे मी एका पुठ्ठ्यावर लिहून पडवीत टांगलं. मराठीत. आजोबांनी 'चार्जिंग'चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिला.

परत यायच्या दिवशी दुपारची बस होती. सकाळी उठून मागे गेले तर माडाखाली नुसतीच झापं. चार्जरचे चिमटे नीट गुंडाळून खुंटीला.

"गेलो," आजी म्हणाली. "तुका उठव नको म्हणालो."

मी काठावर जाऊन उभी राहिले. मोटर इतकी शांत की ऐकून काही कळायची सोय नाही, हा तिचा एकमेव दोष. साडेसात झाले, आठ झाले. मी मनातल्या मनात अँपिअर-अवर मोजत होते. मामा येऊन शेजारी उभा राहिला, तोही काही बोलला नाही. सव्वाआठला वरच्या वळणावरून होडी आली, ओढाबरोबर, एक नंबरवर असावी. आजोबा मागे बसलेले, डावा हात हँडलवर, लाइफ जॅकेट घातलेलं पण बंद उघडे. होडी काठाला लागली. त्यांनी आधी ब्रेकर पाडला, मग वाकून बॅटरीच्या लगला बोट लावलं, बराच वेळ लावून ठेवलं.

"थंड," म्हणाले. "ह्यो डबो धर."

डब्यात तीन तांबोश्या होत्या. बस चुकता चुकता मिळाली, कारण आजीनं त्या तळून खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.